परदेशातले पोलीस बघायला जाताय, तर कोपऱ्यावरच्या कोबानात बसा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पोलीस अधिकारी परदेशात अभ्यास दौऱ्यावर जाऊन आल्याच्या बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात, सोबत फोटो असतो, सगळे एका रांगेत उभे आणि मागे मोठे मोठे स्क्रीन असलेली कंट्रोल रूम. मी त्या बातम्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचते कारण माझे वडील पोलीस खात्यात हवालदार होते आणि आमच्या घरी जेवताना सुद्धा ठाण्यातलेच विषय चालायचे. गेल्या वर्षी मी तीन महिने लेकीकडे टोकियोला राहून आले, एदोगावा वॉर्डात निशिकासाई म्हणून भाग आहे तिथे, आणि तिथल्या पोलिसांशी माझी चांगलीच ओळख झाली. ओळख व्हायचं कारण चांगलं नव्हतं पण पुढे जे बघितलं ते दौऱ्यावर जाणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं फार वाटतंय म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय. कापलंत तरी चालेल, फक्त कोबानचा, म्हणजे तिथल्या पोलीस चौकीचा, आणि हाकामादा या चुकीने फाशी सुनावलेल्या माणसाचा भाग कापू नका एवढी विनंती.

झालं असं की नातीला घेऊन बागेत गेले होते आणि येताना माझी कापडी पिशवी बाकावर राहिली. पिशवीत माझा पासपोर्ट, कारण तिथे थोड्या दिवसांसाठी आलेल्या परदेशी माणसाने पासपोर्ट कायम जवळ ठेवायचा असा कायदाच आहे, शिवाय घराची किल्ली आणि १८ हजार येन. घरी पोचल्यावर लक्षात आलं, परत धावत गेले तर बाक रिकामा. पाय लटपटायला लागले. जावई म्हणाले, आई घाबरू नका, आधी कोबानात जाऊ.

कोबान म्हणजे पोलिसांची चौकी म्हणता येईल, पण चौकी म्हंटलं की आपल्या डोळ्यासमोर जे येतं तसं नाही. स्टेशनजवळ एक छोटीशी दुमजली इमारत, दारावर लाल दिवा, वर सोनेरी चांदणीसारखं पोलिसांचं चिन्ह आणि रोमन अक्षरात कोबान असं लिहिलेलं, म्हणजे भाषा न येणाऱ्याला पण कळावं. बाहेर पांढऱ्या सायकली. भिंतीवर एक बोर्ड, त्यावर काल टोकियोत रस्त्यावरच्या अपघातात किती लोक गेले आणि किती जखमी झाले त्याचे आकडे, ते रोज बदलतात. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि त्या भागाचा मोठा नकाशा. तिकडे बहुतेक रस्त्यांना नावं नसतात, पत्ता म्हणजे विभाग, गट आणि इमारत यांचे नंबर, त्यामुळे पत्ता सापडला नाही की म्हातारी माणसं, कुरियरवाले, पर्यटक सगळे सरळ कोबानात शिरतात. दिवसभरातलं निम्मं काम तेच असावं असं मला नंतर तिथे येता जाता बघून वाटलं.

त्या पोलिसाने आधी मला बसायला सांगितलं. तरुण मुलगा होता, पंचविशीतला असेल. मग एक फॉर्म काढला आणि विचारायला लागला, पिशवीचा रंग कोणता, बंद कसे आहेत, नोटा कोणत्या आणि किती, नाणी होती का, किल्लीला काय अडकवलं होतं. किल्लीला नातीने केलेला लोकरीचा ससा होता हे पण त्याने लिहून घेतलं. एकदाही घड्याळ बघितलं नाही, आणि तुम्ही लक्ष का नाही ठेवलं असं तर मुळीच म्हणाला नाही. पासपोर्ट सापडला नाही तर कुठे जायचं काय करायचं ते सांगितलं, नोंदीचा नंबर दिला, पंचवीस मिनिटं लागली असतील सगळ्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावयांना फोन आला, पिशवी मिळाली. कुणीतरी दुसऱ्याच कोबानात नेऊन दिली होती आणि तिथून ती पोलीस ठाण्यात गेली होती. तिकडे ठाण्यात हरवल्या-सापडल्याचं काम अकाउंट्सच्या खिडकीवर चालतं, कारण पैशांचा हिशोब असतो. पिशवी समोर ठेवली, एक एक वस्तू काढून दाखवली, नोटा मोजून दाखवल्या, सही घेतली. १८ हजार येन जसेच्या तसे, ससा पण. मी विचारलं की ज्याने आणून दिली त्याला काहीतरी द्यायचंय, तर म्हणाले त्या व्यक्तीने हक्क सोडलाय आणि नाव कळवू नका सांगितलंय. मला रडूच आलं तिथे.

हक्क म्हणजे काय ते नंतर लेकीने समजावलं आणि मग मी खोदून खोदून विचारत बसले. तिकडे हरवलेल्या वस्तूंचा स्वतंत्र कायदाच आहे. रस्त्यात सापडलेली वस्तू ७ दिवसांच्या आत पोलिसांकडे दिली तर मालकाने त्या किंमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस द्यायचं असतं, आणि ३ महिन्यांत मालक आलाच नाही तर ती वस्तू सापडलेल्या माणसाचीच होते. पूर्वी ही मुदत ६ महिने होती, २००७ मध्ये कमी केली. मोबाईल, कार्डं, ओळखपत्रं असं ज्यात माणसाची खासगी माहिती असते ते मात्र कुणाला मिळत नाही. ठाण्यात काही दिवस ठेवून मग सगळं ईदाबाशीच्या मोठ्या केंद्रात जातं आणि त्या केंद्राच्या वहीत वर्षाला ४० लाखांच्या आसपास वस्तू चढतात. फक्त छत्र्याच ३ लाखांच्या वर, आणि छत्री घ्यायला शंभरात जेमतेम एखादा येतो. रोख पैसे अब्जावधी येन जमा होतात आणि त्यातले बरेचसे मालकाला परत जातात.

हे सांगितलं की इथे लोक लगेच म्हणतात, जपानी माणूस मुळातच प्रामाणिक, आपल्याकडे नाही व्हायचं. मला हे अर्धंच पटतं. मी एक दिवस त्या कोबानसमोर बसची वाट बघत असताना एक सहा सात वर्षांची मुलगी आत गेली, तिच्या हातात १० येनचं नाणं, रस्त्यात सापडलेलं. १० येनात तिकडे काही येत नाही हो. तो पोलीस उठून तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आला, कुठे सापडलं कधी सापडलं विचारलं, कागदावर लिहिलं, कागद तिच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. ती पोर बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. आता सांगा, ही मुलगी वीस वर्षांनी कुणाचं पाकीट सापडलं तर काय करेल? प्रामाणिकपणा असेलच रक्तात, पण तो नेऊन द्यायला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक दार उघडं आहे, तिथे १० येनसाठी सुद्धा कागद काढणारा माणूस बसलाय, पावती मिळते आणि मागे कायदा उभा आहे. हे सगळं कुणीतरी ठरवून, खर्च करून बांधलंय. अभ्यास करायचा तर याचा करावा.

आणि ज्याने बांधायला सुरुवात केली तो माणूसही परदेशातले पोलीस बघायलाच गेला होता! त्याची गोष्ट मला क्योबाशीच्या पोलीस म्युझियममध्ये कळली (तिकीट नाही, लहान मुलांना पोलिसांचे कपडे घालून बघता येतात, नातीसाठी गेलो होतो). कावाजी तोशियोशी त्यांचं नाव, दक्षिणेकडच्या सात्सुमा प्रांतातले, खालच्या दर्जाच्या सामुराई घरातले. सरकारने १८७२ मध्ये त्यांना आणखी काही जणांबरोबर युरोपला पाठवलं, साधारण वर्षभर ते तिकडे होते, फ्रान्स मुख्य आणि शिवाय इतर देश. पॅरिसची पोलीस व्यवस्था नेपोलियनने १८०० साली उभी केलेली, ती त्यांनी नीट पाहिली. सप्टेंबर १८७३ मध्ये परत आले आणि आल्या आल्या त्यांनी सरकारला लेखी शिफारशी दिल्या, पोलीस खातं न्याय खात्यापासून वेगळं करा, राजधानीला स्वतंत्र पोलीस दल द्या वगैरे. जानेवारी १८७४ मध्ये टोकियोचं पोलीस दल, म्हणजे केइशिचो, सुरू झालं आणि पहिले प्रमुख तेच झाले. म्हणजे दौऱ्यावरून आल्यावर चार महिन्यांत. १८७९ मध्ये परत युरोपला गेले, वाटेतच आजारी पडले आणि परत आल्यावर त्याच वर्षी वारले.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की त्यांनी पॅरिस जसंच्या तसं उचललं नाही. टोकियोचं नाव जेव्हा एदो होतं तेव्हाही चौकाचौकात, मोहल्ल्यामोहल्ल्यात पहाऱ्याच्या छोट्या छोट्या खोल्या होत्याच. नवीन पोलीस दलात त्याच १८७४ साली कोबान सुरू झाली, को म्हणजे आळीपाळीने आणि बान म्हणजे पहारा. सुरुवातीला तर ती नुसती उभं राहायची जागा होती, ठाण्यातून पोलीस यायचा, पाळी संपली की दुसरा. खोली नंतर आली. १८८८ पासून ही पद्धत देशभर गेली. आज तिथे ६ हजारांच्या वर कोबान आहेत आणि जवळपास तेवढीच चुझाइशो. चुझाइशो म्हणजे गावाकडची चौकी, पण चौकीच्या मागच्या बाजूला त्या पोलिसाचं घर, बायकोमुलांसकट तो तिथेच राहतो. तो गस्तीवर गेला की आलेल्या माणसाशी बायको बोलते, निरोप घेते, फोन घेते, आणि त्याचा तिला सरकारकडून भत्ता मिळतो. हे वाचून मला आई आठवली. आमच्या दारात सुद्धा रात्री अपरात्री लोक यायचे, आई त्यांना पाणी द्यायची, ऐकून घ्यायची, वडील आले की सांगायची, आणि हे काम आहे असं कुणालाच कधी वाटलं नाही, तिला पण नाही.

कोबानचं आतलं काम कसं चालतं ते थोडं सांगते कारण दौऱ्यात बहुतेक हे कुणी दाखवत नाही. नवीन भरती झालेला पोलीस, बारावी करून आलेला असेल तर १० महिने आणि ग्रॅज्युएट असेल तर ६ महिने अकादमीत शिकतो, ज्युदो किंवा केंदो (बांबूच्या तलवारीचा खेळ) आलंच पाहिजे, आणि मग पहिली नेमणूक कोबानात. पुढे तो डिटेक्टिव्ह होवो नाहीतर ट्रॅफिकला जावो, सुरुवात सायकलवरूनच. रस्ता सांगणं, भांडण सोडवणं, दारू पिऊन पडलेल्याला उठवणं, हरवलेली आजी घरी पोचवणं, सायकलचोरीची तक्रार लिहिणं. लोक त्यांना ओमावारी-सान म्हणतात, म्हणजे फिरणारे, फेरी घालणारे असा अर्थ आणि पुढे आपल्या राव किंवा जी सारखा मान. पाकीट हरवून घरी जायला पैसेच नाहीत अशा माणसाला गाडीभाड्यापुरते, हजार येनच्या आत, उसने देण्याची पण सोय आहे.

मग घरोघरी जाणं. कोबानचे पोलीस आपल्या हद्दीतल्या घरांची, दुकानांची दारं वाजवतात, स्वतःची ओळख सांगतात, आणि एक कार्ड भरून घेतात, घरात कोण कोण राहतं, भूकंप झाला किंवा अपघात झाला तर कुणाला कळवायचं. कार्ड भरायची सक्ती नाही. लेकीच्या घरी मी असतानाच एक बाई पोलीस आल्या होत्या, दारातच उभ्या राहिल्या, बोलावलं तरी आत आल्या नाहीत, या भागात सध्या फोनवरून म्हाताऱ्या माणसांना फसवण्याचे प्रकार चाललेत तेव्हा काळजी घ्या म्हणून सांगून गेल्या. लेकीने कार्ड भरलं. तिची शेजारीण भरत नाही, तिला ते आवडत नाही, पोलिसांना माझ्या घरात कोण आहे ते कशाला हवंय म्हणते, आणि तिचं म्हणणंही मला चुकीचं वाटलं नाही. ओळख ठेवणं आणि नजर ठेवणं यात फार थोडं अंतर असतं आणि ते अंतर कसं राखतात हे तिथल्या पोलिसांनाच विचारायला हवं.

सगळं काही छान छान नाही हे पण सांगते. मधल्या काळात पोलीस गस्तीवर आणि कोबान रिकामं असं फार व्हायला लागलं होतं, लोकांच्या तक्रारी वाढल्या, रिकामं कोबान असा शब्दच तयार झाला. मग २००४ पासून तीन वर्षांचा कार्यक्रम घेतला, माणसं वाढवली, काही कोबान एकमेकांत मिसळली, रिटायर्ड पोलिसांना सल्लागार म्हणून बसवलं, आणि टेबलावर फोन ठेवला की कुणी नसलं तर रिसीव्हर उचलला की सरळ ठाण्यात लागतो. आमच्या कोबानात सकाळी असेच एक आजोबा असायचे, त्यांना मी रोज वाकून नमस्कार करायचे. २०१८ मध्ये तोयामाला एका माणसाने कोबानात घुसून पोलिसाला मारलं आणि त्याचं रिव्हॉल्वर घेऊन बाहेर आणखी एकाला मारलं. उघडं दार ठेवायचं तर ही पण भीती असते. त्यानंतर सुरक्षेचे उपाय वाढवले पण दार बंद नाही केलं.

साकुरादामोनला केइशिचोचं मुख्यालय आहे, १९८० साली बांधलेली १८ मजली इमारत, तिथे सामान्य माणसाला पण आधी नाव नोंदवून फुकटात आत जाऊन बघता येतं. आम्ही गेलो. ११० या पोलिसांच्या तातडीच्या नंबरवरचे फोन घेतात ती मोठी खोली काचेतून दाखवली, एक फिल्म दाखवली, पिपो-कुन नावाचं त्यांचं बाहुलं आहे त्याच्याबरोबर फोटो काढले. छान होतं पण खरं सांगू का, एका तासात डोक्यात काही राहिलं नाही. राहिलं ते एवढंच की तातडीचं नसेल तर ११० ऐवजी सल्ल्यासाठी वेगळा नंबर आहे हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि १० जानेवारी हा दिवस ११० चा म्हणून पाळतात तेव्हा पण हेच सांगतात. स्क्रीन तर कुठेही विकत घेऊन बसवता येतात. आपले अधिकारी गेले की त्यांना पहिल्यांदा हीच खोली दाखवणार, त्यात यजमानांचा दोष नाही, घरी पाहुणा आला की आपण पण दिवाणखान्यातच बसवतो.

म्हणूनच आतल्या खोलीबद्दल लिहायला हवं.

हाकामादा इवाओ हे नाव दौऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने जायच्या आधी वाचावं. पूर्वी बॉक्सर होते, शिझुओकाच्या बाजूला मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, कारखान्यात कामाला होते. १९६६ मध्ये कारखान्याच्या एका वरिष्ठाचा आणि त्याच्या घरच्यांचा असे चार खून झाले, घर जाळलं, आणि ऑगस्टमध्ये यांना पकडलं. वीस एक दिवस, रोज सरासरी १२ तास चौकशी. शेवटी कबुली दिली. कोर्टात त्यांनी सांगितलं की ती जबरदस्तीने घेतली. खुनानंतर १४ महिन्यांनी मिसोच्या टाकीत रक्ताचे डाग पडलेले कपडे सापडले असं पोलीस म्हणाले, त्यावर १९६८ मध्ये फाशी सुनावली आणि १९८० मध्ये ती कायम झाली. त्यानंतर हा माणूस रोज सकाळी आज नेतील का या भीतीत जगला, कारण तिकडे फाशीची वेळ कैद्याला त्याच दिवशी सकाळी सांगतात. मन पार मोडून गेलं. २०१४ मध्ये फेरखटल्याचा आदेश होऊन बाहेर आले, आणि २६ सप्टेंबर २०२४ ला शिझुओकाच्या कोर्टाने निर्दोष सोडलं आणि स्पष्ट म्हंटलं की पुरावे बनवले गेले होते, ते कपडे सुद्धा. तेव्हा त्यांचं वय ८८. त्यांच्या थोरल्या बहिणीने, हिदेको बाईंनी, इतकी वर्षं एकटीने हे लढवलं, त्या तेव्हा ९१ वर्षांच्या होत्या. पुढच्याच महिन्यात शिझुओका पोलिसांचे प्रमुख स्वतः त्यांच्या घरी गेले आणि खाली वाकून माफी मागितली.

मी पोलिसाची मुलगी आहे आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण जो गणवेश १० येनच्या नाण्यासाठी गुडघ्यावर बसतो त्याच गणवेशातल्या लोकांनी हे केलं. आणि ही फक्त साठ वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. आजही तिकडे माणसाला पकडल्यावर पोलिसांचे ४८ तास, सरकारी वकिलाचे २४ तास आणि मग कोर्टाच्या परवानगीने १० आणि १० असे मिळून २३ दिवस कोर्टात आरोप ठेवायच्या आधी आत ठेवता येतं, ते पण बहुतेक वेळा पोलीस ठाण्याच्याच कोठडीत, आणि चौकशी चालू असताना वकील शेजारी बसू शकत नाही. चौकशीचं रेकॉर्डिंग २०१९ पासून सक्तीचं झालं पण ते ठरावीक गंभीर खटल्यांतच. खटला कोर्टात उभा राहिला की ९९ टक्क्यांच्या वर लोक दोषी ठरतात. हा आकडा ऐकून काही अधिकारी खूश होतील याची मला भीती आहे, म्हणून मुद्दाम लिहितेय की हाकामादा पण याच आकड्यात होते.

परदेशी माणसाला रस्त्यात थांबवून विचारपूस जास्त होते ही पण तिकडे तक्रार आहे, जानेवारी २०२४ मध्ये तिघांनी याच्यावर टोकियोच्या कोर्टात दावा लावलाय. आमच्या जावयांना सायकलवरून येताना दोनदा थांबवलं होतं, सायकलची नोंदणी तपासायला, तिकडे प्रत्येक सायकलची नोंदणी असते. नम्रपणे थांबवलं, नम्रपणे सोडलं, पण त्यांच्याबरोबर असलेल्या जपानी सहकाऱ्याला नाही थांबवलं. नम्रपणा असूनही टोचतं ते.

गुन्हे कमी झाले ते कोबानमुळेच असंही मी म्हणणार नाही. २००२ साली तिकडे साडेअठ्ठावीस लाख गुन्हे नोंदले गेले होते, २०२१ मध्ये ते पावणेसहा लाखांच्या खाली आले, नंतर परत वाढायला लागलेत. त्यामागे शंभर कारणं असतील, कोरोना पण त्यात आला. पण मी साधी म्हातारी बाई, भाषा येत नाही, देश परका, तरी रात्री नऊ वाजता एकटी त्या लाल दिव्याच्या दारात जाऊन उभी राहायला मला भीती वाटली नाही. हे कोणत्या आकड्यात बसतं मला माहीत नाही.

बाकीच्या देशांनी कोबान बघितलं आणि आपापल्या तऱ्हेने उचललं. सिंगापूरने १९८३ मध्ये जपानच्या मदतीने वस्तीवस्तीत पोलीस पोस्ट सुरू केली. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या पोलिसांनी जपानी पोलिसांना बोलावून आपल्याकडे हा प्रयोग केला, जिथे परिस्थिती जपानपेक्षा किती वेगळी आहे बघा. म्हणजे आमच्याकडे नाही व्हायचं हे आधीच ठरवायचं कारण नाही.

म्हणून माझी विनंती अशी की जे अधिकारी जातील त्यांनी यजमानांना सांगावं, आम्हाला एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र कुठल्याही साध्या कोबानात बसू द्या. काबुकिचोचं प्रसिद्ध कोबान नको, इकेबुकुरोचं घुबडाच्या आकाराचं पण नको, फोटो काढण्यातच वेळ जाईल. कुठल्यातरी लोकल स्टेशनजवळचं. आणि बरोबर एक तरी हवालदार न्या, हे मी हात जोडून सांगते. कोबानात काम करणारा माणूस हवालदाराच्याच पातळीचा आहे, त्याला काय विचारायचं ते हवालदारालाच सुचेल, पाळी किती तासांची, मधे झोपायला मिळतं का (वरच्या मजल्यावर त्यांची विश्रांतीची खोली असते), जेवण कधी, लघवीला कुठे जायचं, बाई पोलिसांसाठी काय सोय, सायकल कोण दुरुस्त करतं, आणि बंदोबस्ताला ओढून नेलं तर हद्दीतल्या घरांचं काय होतं. माझ्या वडिलांना त्यांच्या हद्दीतलं प्रत्येक घर माहीत होतं, कुणाचा मुलगा बिघडतोय आणि कुणाची सून मार खातेय हे सुद्धा, पण त्यांना कुणी कधी कुठल्या दौऱ्यावर नेलं नाही आणि त्यांना काय माहीत आहे तेही कुणी विचारलं नाही. त्यांच्या बदल्या झाल्या आणि ते सगळं त्यांच्याबरोबरच गेलं. तिकडे ते कार्डावर लिहून पुढच्या माणसाच्या हातात देतात.

दुसरं, ठाण्यातली कोठडी बघायला मागा, आणि पोलिसांशिवाय एखाद्या बचावाच्या वकिलाला पण भेटा. यजमानांना वाईट वाटेल म्हणून टाळू नका. कावाजी पॅरिसमध्ये नुसत्या परेड बघत फिरले असते तर चार महिन्यांत केइशिचो उभं राहिलं नसतं.

आणि संपादक साहेब, शेवटची विनंती तुम्हाला. दौऱ्यावर जातानाचा फोटो छापता तसं ते परत आल्यावर त्यांनी काय पाहिलं आणि काय करायचं ठरवलं ते त्यांच्याकडून लिहून मागा आणि छापा. कावाजींनी परत आल्या आल्या लिहून दिलं होतं, यांना पण महिनाभर पुरेल. मी वाट बघतेय आणि आमच्या भिशीतल्या सगळ्या जणी पण बघतायत, त्यांना हे सगळं मी तोंडी आधीच सांगून झालंय.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
(नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, छापू नये)